मध्येच आमेन म्हणणाऱ्या बाई

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बाई दुसऱ्याच्या प्रार्थनेला मध्येच आमेन म्हणायच्या. प्रार्थना संपल्यावर सगळेच म्हणतात, पण बाईंना तेवढा धीर नव्हता. दर बुधवारी दुपारी तीन वाजता कोणाच्या ना कोणाच्या घरी भगिनी मंडळाची सभा भरायची. आम्ही दहा-बारा जणी सतरंजीवर गोल बसायचो आणि एकेकीने मोठ्याने प्रार्थना करायची, अशी पद्धत होती. एखादी भगिनी देवाला जगाच्या उत्पत्तीपासून सगळं सांगायला लागली की बाई मिनिटभर ऐकून घ्यायच्या, फार तर दीड मिनिट, आणि मग ठणठणीत आवाजात म्हणायच्या, "आमेन." बसच्या कंडक्टरने घंटी मारावी तसं. समोरची बिचारी चालत्या वाक्यातून उतरायची.

त्यांचं म्हणणं असं, की देवाला आपल्याआधी सगळं ठाऊक असतं, त्याला बातम्या कशाला वाचून दाखवायच्या. बातम्या असायच्याच पण. "हे प्रभो, अमक्या भगिनीचे यजमान संध्याकाळी कुठे जातात हे तू जाणतोस," असं कोणी म्हटलं की डोळे मिटलेल्या बाकी सगळ्यांचे कान उभे राहायचे. प्रभू जाणत असला तरी आम्ही जाणत नव्हतो ना.

बाई नर्स होत्या, महापालिकेच्या एका प्रसूतिगृहात. बुटक्या, काळ्यासावळ्या, घड्याळ उजव्या हातात. बाहेर त्यांना लोक सिस्टर म्हणायचे, मंडळीत आम्ही नुसतं बाई म्हणायचो. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. मी विचारलं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, आणि माझ्या गोड आवाजात विचारलेला कुठलाही प्रश्न चालतो अशी माझी समजूत होती. बाई म्हणाल्या, "नाइट ड्यूटी." विषय संपला.

या गोड आवाजाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यानेच घातला. मी नगरहून लग्न होऊन मुलुंडला आले ती शाळेतली वक्तृत्वाची बक्षिसं ट्रंकेत घेऊन. माझ्या प्रार्थनेत करुणासागर, कृपासिंधू, अगाध, अथांग असे इतके शब्द असायचे की देवालाही शब्दकोश काढून बसावं लागत असेल. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं. आलं की नाही, हे मी एक डोळा किंचित उघडून बघून घ्यायची. नसेल आलं तर आणखी एक वाक्य जोडायची.

बाई मात्र दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून प्रार्थना करायच्या. पाळकसाहेबांनी एकदा हळूच सुचवून पाहिलं, तर म्हणाल्या, "ज्याच्याशी बोलायचं त्याच्यासमोर डोळे कशाला मिटू? आणि मी कामावर प्रार्थना करते. तिथे डोळे मिटले असते तर किती पोरं खाली पडली असती." त्यांची प्रार्थना दोन वाक्यांची असायची. पहिल्यात काय हवंय ते, दुसऱ्यात नाही दिलंस तरी मी इथेच आहे, एवढं.

कोणी त्यांना म्हटलं, "बाई, आमच्यासाठी प्रार्थना करा हं," तर त्या विचारायच्या, "किती वाजता?" आपण हे बोलायची रीत म्हणून बोलतो, 'या एकदा घरी' म्हणतो तसं. बाई ते खरं धरायच्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने नाव आणि वेळ लिहायच्या. आमच्या ह्यांची बढती अडली होती तेव्हा मी अशीच म्हणून गेले. बाईंनी घड्याळ बघितलं. "मंगळवारी सव्वाचारला. मी तेव्हा रॉकेलच्या रांगेत असेन, तिथेच करते. आणि सव्वाचारला तू काय करणार?" सव्वाचारला मी झोपलेली असायची. त्या मंगळवारी मी जागी राहिले. बढती त्या वर्षी काही झाली नाही. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बरं. अजून करायची का?"

प्रभूच्या रक्ताची गीतं आम्ही फार आळवून म्हणायचो. बाई ती म्हणायच्या, पण आळवायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, "रक्ताबद्दल गोड बोलू नका गं. मी बादलीने पुसलंय. एवढं सांडतं तेव्हा एक जीव जात असतो आणि कधीकधी त्यातूनच एक येत असतो. गोड काही नाही त्यात." नंतर कितीतरी दिवस ती गीतं म्हणताना मला बादली दिसायची. पण सूर चांगला लागत असल्यामुळे मी गातच राहिले.

एका बुधवारी त्यांच्या स्वयंपाकघरात करार हा विषय होता. बाईंनी भला मोठा दुधी उभा चिरून त्याची दोन अर्धुकं फरशीवर समोरासमोर ठेवली. शेजारी पपईची दोन अर्धुकं. गोष्टीत पक्षी कापलेले नव्हते, म्हणून त्यांच्या जागी दोन आख्खी लिंबं. शास्त्रातल्या त्या कुलपित्याची गोष्ट सांगायची होती, ज्याला देवाने ताऱ्यांइतकी लेकरं देईन म्हणून शब्द दिला. बाई त्याला 'आपला म्हातारा' म्हणायच्या. त्या काळी करार करायचा म्हणजे जनावरं अशी चिरून ठेवायची आणि दोघांनी मधून चालत जायचं. शब्द मोडला तर माझे असेच तुकडे होवोत, असा त्याचा अर्थ.

"चल, तू चाल बघू," बाई मला म्हणाल्या. मी निऱ्या उचलल्या, मान खाली घातली, चेहऱ्यावर जमेल तेवढं पावित्र्य आणलं आणि पहिलं पाऊल टाकणार तोच त्या म्हणाल्या, "थांब. आपला म्हातारा चाललाच नाही. त्याला झोप लागली होती. त्या तुकड्यांमधून एकटा देव चालत गेला." आणि सगळ्यांकडे बघून त्यांनी विचारलं, "म्हणजे म्हाताऱ्याने शब्द मोडला तर तुकडे कोणाचे व्हायचे?"

बाईंनी पपई उचलली, फोडी केल्या आणि सगळ्यांना वाटल्या. मला त्या दिवशी करार वगैरे काही कळला नाही. मला चालू दिलं नाही, याचाच राग आला होता.

आता सुलभाची गोष्ट. सुलभा आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची. एका ऑफिसात टायपिस्ट होती, माझ्याच वयाची. नव्या गावात मला मिळालेली पहिली मैत्रीण. तिचं लग्न चेंबूरच्या एका मुलाशी ठरलं होतं आणि येत्या रविवारपासून उपासनेत त्याची घोषणा वाचली जाणार होती. सलग तीन रविवार घोषणा, मग लग्न. सोमवारी सुलभा माझ्याकडे आली, दार लावून घेतलं आणि तिने सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी तिला क्षय झाला होता. औषध पूर्ण झालं, ती बरी झाली. मुलाच्या घरी हे माहीत नव्हतं. शनिवारी त्याला भेटून ती स्वतः सांगणार होती.

"मला भीती वाटतेय गं," ती म्हणाली. "कोणाला बोलू नकोस. फक्त प्रार्थना कर."

आता कोणाही शहाण्या बाईला याचा अर्थ कळला असता.

त्या बुधवारी सभा आमच्याच घरी होती; सुलभा तेव्हा ऑफिसात. शिरा मी केला होता आणि शिऱ्यापेक्षा जास्त मेहनत प्रार्थनेवर घेतली होती. सासूबाई एका पाहुणीची ओळख करून देत होत्या तेव्हा मी मनातल्या मनात 'हे आरोग्यदात्या' घ्यावं की 'हे परम वैद्या' घ्यावं, याचा विचार करत होते. त्यामुळे ती पाहुणी चेंबूरहून आलेली, सुलभाची होणारी आतेसासू आहे, हे सगळ्या खोलीने ऐकलं आणि मी सोडून सगळ्यांना कळलं.

माझी पाळी आली. परम वैद्य घेतला. "ज्याने आमच्या भगिनी सुलभेला क्षयाच्या अंधाऱ्या दरीतून बाहेर काढलं," मी म्हणाले. बाई म्हणाल्या, "आमेन." मला वाटलं, दरी लांबली. मी आवाज चढवला. "आमेन," बाई पुन्हा म्हणाल्या, जोरात. पण त्या दिवशी मी थांबणारी नव्हते. सुलभेची दुर्बल झालेली फुप्फुसं, ती दोन वर्षं, आणि तिच्या सासरच्यांना हे कळेल तेव्हा त्यांची पाषाणाची मनं मेणाची व्हावीत, हे सगळं मी अथांगपर्यंत पोचवूनच डोळे उघडले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या माझ्याकडे भूत बघावं तशा बघत होत्या.

पाहुणीने विचारलं, "क्षय? कधी?"

बाई म्हणाल्या, "ते सुलभाने सांगायचं, सुलभाला विचारा."

पाहुणी शिऱ्याला हात न लावता गेली. शुक्रवारी चेंबूरहून पाळकसाहेबांकडे निरोप आला, की रविवारी घोषणा वाचू नका. संध्याकाळी सुलभा ऑफिसातून आली ती सरळ वर आली आणि दारातच उभी राहिली. ती रडली नाही. मी रडायची पूर्ण तयारी करून ठेवली होती, तीही तिने वाया घालवली.

"मी तुला देवाला सांग म्हटलं होतं," ती म्हणाली आणि खाली गेली.

मग मी काय केलं? शहाण्या माणसाने मागोमाग जिना उतरून माफी मागितली असती. मी उपास धरला. तीन दिवस नुसतं पाणी. पांढरी साडी. केस बांधायचे नाहीत. आमच्या ह्यांनी विचारलं, स्वयंपाक होणार आहे की मलाही पुण्य लागणार आहे? मी उत्तर दिलं नाही, कारण मौनही धरलं होतं. आरशात स्वतःचा ओढलेला चेहरा बघून मला, खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेले. त्या पाटावर बसून वाल सोलत होत्या. मौन मोडून मी सांगितलं, की मी प्रायश्चित्त घेतेय.

"कशाला?" बाई म्हणाल्या. "ते झालंय. क्रुसावर तुझ्यापेक्षा बऱ्या माणसाने केलंय, आणि एकदाच पुरे झालंय. तू आणखी कोणतं बळीचं कोकरू लागून गेलीस? तो पाव घे, चहात बुडव आणि खा."

मी रडत रडत खाल्ला. फार छान लागला. मग मी माझी मोठी योजना सांगितली. मी चेंबूरला जाणार आणि सांगणार, की क्षय सुलभाला नव्हे, मलाच झाला होता, प्रार्थनेत माझी गफलत झाली. तिचा डाग मी माझ्या अंगावर घेणार. मला वाटलं, हे ऐकून बाई तरी वाल बाजूला ठेवतील.

त्यांनी ठेवले नाहीत. "त्याने आपली जागा घेतली ती खरी घेतली," त्या म्हणाल्या. "नाटकात नव्हती घेतली. आणि डाग कसला? क्षय म्हणजे जंतू. जंतूचं औषध असतं, ते तिने घेतलं. पाप तू केलंस. तिच्या आजाराची आणि तुझ्या पापाची खिचडी करू नकोस. पाप वेगळं काढ, ते घेऊन तिच्याकडे जा आणि चुकलं म्हण. अथांग वगैरे लावू नकोस."

"तुम्ही याल?"

"येईन. माझंही आहे."

त्यांचं काय आहे ते मला कळेना. सुलभाने दार उघडलं तेव्हा माझ्याआधी बाईच बोलल्या. म्हणाल्या, "ही बोलत होती तेव्हा मी समोर बसले होते. दोनदा आमेन म्हटलं आणि गप्प बसले. उठून हिचं तोंड दाबायला हवं होतं. पाहुणीसमोर बरं दिसणार नाही म्हणून उठले नाही. माझं चुकलं, सुलभा." एवढी मोठी बाई, तिच्या हाताखालून नर्सेस शिकून गेल्या, ती दारात उभी राहून चुकलं म्हणाली. माझं पाठ केलेलं भाषण जिन्यातच राहिलं. मी म्हणाले, "माझं चुकलं."

सुलभा म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "गॅसवर डाळ आहे," आणि दार लावलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी तिच्यात मूर्ख ठरले असते, एवढंच. पण पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला.

पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. आम्ही एकेका बाकावरून उठून पुढे जायचो, कठड्याशी रांगेने गुडघे टेकायचो. पाळकसाहेब प्रत्येकाला भाकरीचा तुकडा द्यायचे आणि मग प्याला. प्याला एकच. एकीने घोट घेतला की पाळकसाहेब पांढऱ्या फडक्याने कड पुसायचे आणि तोच प्याला पुढचीच्या ओठांना लावायचे. नव्या कराराचा प्याला. तो सगळ्यांना एक, यातच तर त्याचं सगळं आलं.

त्या रविवारी सुलभा मधल्या वाटेने पुढे निघाली आणि बायकांची रांग हलली. कोणी कोणाला काही बोललं नाही. एकीला पदर सावरायचा होता, एकीला मुलाला बोलवायचं होतं, आणि सावरून-बोलवून होईपर्यंत सगळ्या तिच्या पुढे गेल्या होत्या. तिच्या ओठांनंतर प्याल्याला ओठ लावायला कोणी उरलं नव्हतं.

मी तिच्या मागे होते. मला दिवस जाऊन दोन महिने झाले होते, ते माझ्या घरच्यांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मीही पदर सावरला आणि पुढे झाले. प्रार्थनेत मी तिला ठणठणीत बरी केली होती. रांगेत मला तेवढी खात्री नव्हती.

सुलभा क्षणभर थांबली. मग वळली आणि अगदी मागच्या बाकावर जाऊन बसली. बाई तेव्हा कठड्याशी गुडघे टेकून होत्या. सगळ्यांचे डोळे मिटलेले, त्यांचे उघडे. पाळकसाहेबांनी प्याला पुढे केला, तर बाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या, त्याला हात न लावता मागे चालत गेल्या आणि सुलभाच्या शेजारी बसल्या. पाळकसाहेब हातात प्याला घेऊन तसेच उभे. मी माझा घोट घेतला. त्याची चव मला आठवत नाही.

उपासनेनंतर मी बाईंना गाठलं. उठलात कशाला, लोक काय म्हणतील, असं काहीतरी बोलले.

"जेवायच्या पंगतीतून एकीला उठवली तर बाकीच्यांनी जेवायचं असतं का?" बाई म्हणाल्या. "आणि तू तिच्या मागे होतीस. पुढे कशी आलीस?"

मी पोटावर हात ठेवला. म्हणाले, "बाळासाठी."

बाईंनी माझ्या हाताकडे बघितलं. त्यांना ते आधीच कळलं असणार, धंदाच तो त्यांचा. "बाळाचं नाव मध्ये घालू नकोस," त्या म्हणाल्या. "त्याने अजून काही केलेलं नाही."

मी म्हटलं, तुम्ही नर्स आहात, तिची तपासणी साफ आहे हे तुम्ही मंडळीत उभं राहून का सांगत नाही? त्या म्हणाल्या, "म्हणजे तिचं अंग पुन्हा एकदा सगळ्यांसमोर उघडं करू? तू केलंस तेवढं पुरे नाही?"

पुढचे तीन महिने दर पहिल्या रविवारी हेच. सुलभा यायची, गीतं म्हणायची, प्रवचन ऐकायची आणि प्रभुभोजनाला मागच्या बाकावर बसून राहायची. शेजारी बाई. चाळीस वर्षांत ज्यांनी एक पहिला रविवार चुकवला नव्हता, त्या बाई. सभेत कुजबुज सुरू झाली, की बाईंनी म्हणे काहीतरी मोठं पाप केलंय. काय, याचे अंदाजही निघाले, काही तर प्रार्थनेतूनच निघाले. बाईंच्या कानावर ते सगळं जायचं. कोणी तोंडावर विचारलं तर म्हणायच्या, "मी थांबलेय." कशासाठी, ते सांगायच्या नाहीत.

मी त्यांतले दोन रविवार ओकाऱ्यांचं निमित्त करून घरी काढले. एकदा ओकाऱ्या खऱ्या होत्या. तिसऱ्या खेपेला गेले आणि आपल्या बाकावर पाय दुखतोय अशी बसून राहिले, ना पुढे ना मागे. चौथ्या वेळी पोट चांगलं दिसायला लागलं होतं. पुढे रांग लागली. मी उठले, वळले आणि मागच्या बाकाशी गेले. अख्खी मंडळी माझ्याकडे बघत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते नको होतं.

"सुलभा, तू पुढे चल," मी म्हणाले. "मी तुझ्या मागे घेते."

सुलभाने माझ्या पोटाकडे बघितलं. "कोणाला दाखवायला?"

"कोणाला नाही."

"मी तुला माफ केलेलं नाही."

"बरं," मी म्हणाले.

बाई मध्ये काही बोलल्या नाहीत. त्यांचं उघड्या डोळ्यांचं काय ते चाललेलं असावं. पुढची रांग संपत आली. मग सुलभा उठली.

आम्ही तिघी शेवटच्या. आधी सुलभा, मग मी, मग बाई. पाळकसाहेबांनी सुलभाला प्याला दिला. तिने घोट घेतला. त्यांनी सवयीने पांढरं फडकं उचललं, आणि त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जरा जास्तच जोर लावून कड पुसणार, असं मला दिसलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "राहू द्या." पाळकसाहेबांचा हात थांबला. मी तिने जिथे ओठ लावले होते तिथेच लावले. नंतर बाईंनी घेतला.

बाहेर फाटकाशी बाई थांबल्या नाहीत. दुपारच्या ड्यूटीला उशीर होत होता. त्यांनी घड्याळ बघितलं, आम्हाला मंडळीच्या रीतीने "सलाम" म्हणाल्या आणि बसस्टॉपकडे झपाझप निघून गेल्या. मी आणि सुलभा फाटकाशी उरलो. काय बोलावं ते मला सुचेना. माझ्यासारखीला सुचेना, म्हणजे बघा.

"घाबरली होतीस?" सुलभाने विचारलं.

"हो."

"किती?"

"पुष्कळ. अजून घाबरलेय."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा थोडीशी हसली. "एवढं खरं तू आजवर कधी बोलली नव्हतीस," ती म्हणाली. "चल, ऊन झालंय. तुला हळू चालावं लागेल."